खेकडा चढावर का थांबला?

१

मंगळवारी सकाळी डॉक्टरसाहेबांनी खेकड्याच्या टाकीत बॅटरी मारली, आणि तळाशी साखर दिसली.

खेकडा म्हणजे आमच्या आरोग्य केंद्राची एटीव्ही. चार जाडजूड चाकं, मधे घोड्यासारखी बैठक, पुढे मोटरसायकलसारखं हँडल. जीप जिथे हात टेकते, तिथून पुढे हा दगडधोंड्यांवरून तिरका तिरका चढत जातो, म्हणून नाव खेकडा. डोंगरावरच्या वस्तीत औषधं पोचवायला आमच्याकडे दुसरं साधन नाही.

आदल्या दिवशी दुपारी वरच्या वस्तीतल्या एका मेंढपाळाच्या सुनेला साप चावला. आमची नर्स तिथेच होती, पण इंजेक्शनं खाली, माझ्या स्टोअरच्या फ्रिजमध्ये. मी ती बर्फाच्या पेटीत भरून ड्रायव्हरच्या हातात दिली. खेकडा निघाला, ओढा ओलांडला आणि पलीकडच्या उभ्या चढावर आचके देऊन बंद पडला. ड्रायव्हरने पेटी खांद्यावर टाकली आणि उरलेले तीन किलोमीटर पळत काढले. सून वाचली. पण नर्स मला फोनवर म्हणाली, "काकू, अजून पाऊण तास गेला असता ना, तर वेगळीच बातमी सांगावी लागली असती."

तीन आठवड्यांतली ही तिसरी वेळ होती.

"ही बिघाडाची गोष्टच नाही," डॉक्टरसाहेब टाकीवरून मान वर करत म्हणाले. "कुणीतरी मुद्दाम साखर टाकलीय. टाकीच्या झाकणाला कुलूप आहे. किल्ल्या दोनच. एक ड्रायव्हरकडे, दुसरी गॅरेजमध्ये. ड्रायव्हर तर जिवाच्या आकांताने पळत गेला. मग उरलं कोण?"

उरली धाकटी. खाली चौकातलं गॅरेज दोघं भावंडं चालवतात. थोरला टायर, पंक्चर आणि वेल्डिंग बघतो. इंजिनाचं सगळं काम धाकटीचं. तीन वर्षं खेकडा तिच्याच हाताखाली होता.

"तिला काय मिळणार त्यातून?" मी विचारलं.

"गाडी बंद पडली की दुरुस्तीला कुणाकडे जाते?"

गुरुवारी बाराच्या टपालाने मुख्य कार्यालयाला पत्र जाणार होतं: गॅरेजचं काम बंद, खेकडा परत, वरच्या वस्तीची फेरी रद्द. तिथल्या लोकांनी गरज पडेल तेव्हा खाली यावं. आजारी माणसाने तो डोंगर कसा उतरायचा, हे मात्र पत्रात नव्हतं.

मी मान खाली घालून उभी होते. सोमवारी संध्याकाळपासून खेकडा ज्या शेडमध्ये होता, त्या शेडची किल्ली माझ्या कमरेला असते. आणि ती मी त्या संध्याकाळी एकाला दिली होती.

२

धाकटीने स्वतःहून कुणाची मदत मागितली नसती. तिचा स्वभावच तसा. म्हणून फोन मी केला.

तंत्रशाळेत तिला इंजिन शिकवणाऱ्या बाई निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती. बुधवारी सकाळी आठच्या गाडीने त्या उतरल्या. ठेंगणी मूर्ती, पायात कॅनव्हासचे बूट, डाव्या कानाने जरा कमी ऐकू येतं. इंजिनांच्या आवाजात तीस वर्षं काढल्याची खूण.

"साखर कुठंय?" हा त्यांचा पहिला प्रश्न. चहासुद्धा घेतला नाही.

शेडमध्ये नेलं. त्यांनी झाकण उघडून आत बराच वेळ पाहिलं. मग एका लांब तारेला कापूस गुंडाळून तळाशी फिरवला. साखर तोंडाच्या बरोबर खाली लहानसा ढीग होऊन बसली होती. मग त्यांनी टाकीखालचा कॉक, म्हणजे पेट्रोलची तोटी, सोडवला आणि त्याची बारीक जाळी उजेडात धरली.

"स्वच्छ," त्या म्हणाल्या. "एक कण नाही. काकू, तुम्ही कधी खेकड्यावर बसलात?"

"एकदाच. नंतर दोन दिवस कंबर शेकत होते."

"मग सांगा, त्या रस्त्यावर हा ढीग असा गुपचूप बसून राहील?"

माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पेट्रोलमध्ये साखर विरघळत नाही, हे मला तेव्हाच कळलं. सोमवारी ती टाकीत असती तर दगडांवर आपटून सगळीकडे पसरली असती, जाळीत अडकली असती. ढीग जसाच्या तसा होता, म्हणजे साखर पडल्यानंतर खेकडा जागचा हललाच नव्हता.

"म्हणजे गाडी थांबली त्याचा साखरेशी संबंधच नाही?"

"काडीचा नाही. ही दोन वेगवेगळी कोडी आहेत. कुणीतरी ती एकात एक घातलीत." त्यांनी हात पुसले. "तुमचं स्टोअरचं रजिस्टर दाखवा."

"त्यात काय आहे? बँडेज, सलाईन, बल्ब..."

"मला बल्बही वाचायला आवडतात."

मागच्या महिन्यापासूनची पानं त्यांनी बोट ठेवून वाचली. हातमोजे, स्पिरिट, ट्यूबलाइटची पट्टी, मोबाइल अडकवायचा स्टँड क्लॅम्पसह, कापसाचे रोल, उंदरांच्या गोळ्या. पान उलटताना सहज विचारल्यासारखं त्या म्हणाल्या, "सोमवारी संध्याकाळी शेडची किल्ली कुणी नेली होती?"

माझा हात कमरेच्या किल्लीवर गेला.

"थोरल्याने," मी म्हणाले. "जॅक विसरलाय म्हणाला."

"आणि जॅक घेऊन गेला?"

मी आठवून पाहिलं. त्याचे दोन्ही हात रिकामे होते.

३

बाई थोरल्याकडे गेल्याच नाहीत. आधी धाकटीकडे गेल्या. मलाही सोबत घेतलं.

गॅरेजमध्ये ती एका सुट्या कार्बोरेटरसमोर बसली होती. बाईंना बघून उठली, आणि तीस वर्षांची धाकटी वर्गातल्या मुलीसारखी हात मागे बांधून उभी राहिली.

"बाई, मी साखर..."

"ते मी विचारलंच नाही. तुला गाडी बिघडवायची असती तर शंभर चांगले उपाय येतात, मीच शिकवलेत. साखर ही ऐकीव माहितीवाल्याची अक्कल. तू मला दुखणं सांग."

धाकटीने भडाभडा सांगितलं. पहिल्यांदा गाडी थांबली तेव्हा तिने कार्बोरेटर खोलून धुतला. दुसऱ्यांदा प्लग बदलला, पेट्रोलचा फिल्टर बदलला, कार्बोरेटरच्या वाटीतलं पेट्रोल काचेच्या बाटलीत काढून पाणी आहे का पाहिलं. थेंब नव्हता. दर वेळी गाडी तिच्याकडे आली की एका बटणात सुरू व्हायची. अंगणात दहा मिनिटं, पंधरा मिनिटं चालवून बघायची. छान चालायची.

"आणि वर गेली की थांबायची," बाई म्हणाल्या.

"दर वेळी नाही. मधे एकदा वरपर्यंत नीट गेली. त्या दिवशी टाकीत पेट्रोल कमी होतं, ड्रायव्हरने ओढ्यापाशी कॅनमधून भरलं."

बाईंचा चेहरा जरा उजळला.

"बाई, खरं सांगू?" धाकटीने पाना हातात घट्ट धरला. "तीनदा माझ्या हातून निघालेली गाडी तीनदा थांबली. ती सून मेली असती तर? साखर सापडली तेव्हा मला एक क्षण बरं वाटलं. म्हटलं, चला, माझा हात चुकला नाही. आणि मग लाज वाटली."

बाईंनी तिच्या हातातला पाना काढून घेतला आणि बाकड्यावर ठेवला. "आज दुपारपर्यंत स्वतःला फाशी देऊ नकोस. उद्याचं उद्या बघू."

निघताना त्यांनी भिंतीकडे पाहिलं. खिळ्याला किल्ल्या टांगलेल्या होत्या आणि खाली चहाच्या सामानाचं फडताळ होतं. बरणीतली साखर जाड, खड्यासारखी. आमच्या केंद्रात साखरेचे चौकोनी तुकडे येतात, डॉक्टरसाहेबांच्या शिस्तीत मोजून. टाकीच्या तळाशीही असेच जाड खडे होते, ते मला आठवलं.

४

आमच्या ड्रायव्हरला सगळे पैलवान म्हणतात, कारण तो काडीसारखा आहे. सोमवारच्या पळण्याने त्याचे पाय सुजले होते. खाटेवर गरम पाण्यात पाय सोडून बसला होता.

"गाडी परत कशी आणलीत?" बाईंनी विचारलं.

"ढकलत, बाई. उताराने सोडून दिली, थेट केंद्रात."

"थेट?"

"थेट."

"ओढा कुठं आहे?"

"मधे. दोन टेकड्यांच्या..." आणि पैलवानाचं तोंड उघडंच राहिलं.

मलाही उलगडलं. गाडी थांबली ती ओढ्यापलीकडे. ओढ्यापर्यंत उतार खरा, पण ओढ्यापासून केंद्राकडे यायला पुन्हा टेकडी चढावी लागते. अडीचशे किलोंचा खेकडा त्या टेकडीवर एकट्याने ढकलायचा, तोही सहा किलोमीटर पळापळ करून सुजलेल्या पायांनी!

"ती सुरू झाली ना?" बाईंनी हळू आवाजात विचारलं.

पैलवानाने तोंड ओंजळीत लपवलं. "वरून परत आलो, सहज बटण दाबलं, आणि पहिल्या झटक्यात सुरू! बाई, मी रडलो हो तिथे. म्हटलं, आधीच दहा मिनिटं थांबून पुन्हा बटण दाबलं असतं, तर? लोक म्हणतील, याने नीट प्रयत्नच केला नाही, पोरीचा जीव याने घालवला असता. म्हणून ढकलली म्हणून सांगितलं."

"तुम्ही पळालात, हेच बरोबर केलंत," बाई म्हणाल्या. "आता एकच आठवा. गाडी बंद पडल्यावर, पळायच्या आधी काय काय केलंत?"

"चार-पाच वेळा बटण दाबलं. मग टाकीचं कुलूप काढून बघितलं, पेट्रोल आहे का. होतं की भरपूर. झाकण लावलं आणि पळालो."

"झाकण काढताना काही आवाज?"

"हो, फुस्स झालं. उन्हाने टाकीत गॅस धरला असेल."

"हवा बाहेर आली, की आत गेली?"

पैलवानाने पाण्यातले पाय वर काढले. "तेवढं कोण बघतं, बाई?"

"कुणीच नाही," बाई उठत म्हणाल्या. "म्हणून तर तीन आठवडे गेले. काकू, डॉक्टरसाहेबांना सांगा, चार वाजता मैदानात या. गाडी त्यांनाच चालवायचीय."

५

त्याआधी एक काम उरलं होतं. थोरला गॅरेजच्या मागे ट्यूबला ठिगळ लावत होता. बाई त्याच्यासमोर उकिडव्या बसल्या. धाकटी दारात उभी होती. तिला बाईंनीच बोलावलं होतं.

"जॅक सापडला का?" बाईंनी विचारलं.

त्याने ट्यूब खाली ठेवली. आढेवेढे घेतले नाहीत.

"मी टाकली साखर," तो म्हणाला. "सोमवारी सगळीकडे एकच बोलणं, गॅरेजवालीने मेंढपाळाची सून मारली असती. म्हटलं, साखर सापडली की लोक म्हणतील कुणा बाहेरच्याचा उद्योग आहे. ही सुटेल. झाकणाची किल्ली आपल्याच गॅरेजात असते, हे माझ्या ध्यानातच आलं नाही. कालपासून सांगायचं म्हणतोय, जीभ रेटत नाही."

धाकटी दारातून पुढे आली.

"म्हणजे दादा, तुलाही वाटलं की चूक माझीच होती."

मला वाटलं, ही आता त्याला चार शब्द सुनावेल. पण ती आत गेली आणि टाकी धुवायची परात घेऊन आली.

"तूच घातलीस, तूच काढ. एक कणही राहता कामा नये. पाणी लावलंस तर बघ."

दुपारभर तो मोठा माणूस टाकी मांडीवर घेऊन पेट्रोलने खळबळून धूत बसला होता.

६

चारला अख्खं केंद्र मैदानाच्या कडेला जमलं. बाह्यरुग्ण विभागातले पेशंटही हातातल्या चिठ्ठ्या घेऊन आले. बाईंनी टाकी गळ्यापर्यंत भरायला लावली, झाकण घट्ट लावून कुलूप घातलं आणि दोन्ही किल्ल्या स्वतःच्या मुठीत ठेवल्या.

"साखर निघाली, डॉक्टरसाहेब. कुणी टाकली तेही तो तुम्हाला स्वतः सांगेल. आता तुम्ही खालच्या गिअरमध्ये, चढावर घेतात तशी, गोल गोल फिरवा."

"किती वेळ?"

"ती थांबेपर्यंत."

डॉक्टरसाहेब फिरू लागले. पाच मिनिटं, दहा मिनिटं. पांढरा कोट वाऱ्याने फुगला होता. पंधरा मिनिटांनी पेशंटांपैकी कुणीतरी टाळ्या वाजवायला सुरुवात केली. वीस मिनिटं झाली. धाकटीने डोळे मिटून घेतले होते, ती फक्त आवाज ऐकत होती.

चोविसाव्या मिनिटाला खेकड्याने आचका दिला. मग दुसरा. आणि मैदानाच्या मधोमध तो गप्प झाला.

डॉक्टरसाहेबांनी बटण दाबलं. इंजिन नुसतं फिरलं, पेटलं नाही. पुन्हा दाबलं. "पेट्रोल बघायला हवं," ते म्हणाले आणि हात झाकणाकडे गेला.

"थांबा!" बाई ओरडल्या. "तीन आठवडे प्रत्येकाने हेच केलं, आणि तिथेच दुखणं पळून गेलं." त्या धाकटीकडे वळल्या. तिच्या तळहातावर किल्ली ठेवली. "आता तू सांग."

धाकटी खेकड्यापाशी गेली. तिने रुमालातून एक धागा ओढून काढला, झाकणाच्या कडेला धरला आणि किल्ली फिरवली.

फुस्स! धागा बाहेर उडाला नाही. तो आत ओढला गेला.

"टाकी हवा ओढतेय!" ती म्हणाली, आणि तिचा आवाज एकदम मोकळा झाला. "पेट्रोल खाली जातं तेवढी हवा वरून आत यायला लागते. हवा बंद झाली की टाकी पेट्रोल धरून ठेवते, खाली सोडतच नाही. भरलेल्या टाकीत तर लवकरच. झाकण उघडलं की सगळं ठीक! म्हणून ओढ्यापाशी पेट्रोल भरलं त्या दिवशी ती थांबली नाही. म्हणून पैलवानकाका परत आले तेव्हा सुरू झाली. माझ्याकडे तर ती नेहमी झाकण उघडून झाल्यावरच यायची!" तिने बटण दाबलं. दोन क्षणांनी खेकडा धडधडू लागला.

"मग हवा बंद कुठे झाली?" डॉक्टरसाहेबांनी विचारलं.

धाकटीचं बोट झाकणापासून निघालं. झाकणाच्या माथ्यातून एक बारीक काळी रबरी नळी हँडलकडे जात होती. तीच टाकीची श्वासाची वाट. बोट नळीवरून सरकत सरकत हँडलपाशी आलं आणि एका चकचकीत क्लॅम्पपाशी थांबलं. क्लॅम्पखाली नळी पानासारखी चपटी झाली होती.

क्लॅम्पवर मोबाइलचा स्टँड होता.

मला रजिस्टरमधली ओळ डोळ्यांपुढे दिसली. स्टँड, क्लॅम्पसह, एक नग. तारीख तीन. पहिल्यांदा गाडी थांबली ती सहा तारखेला. आणि घेणाऱ्याची सही मी रोज बघते.

डॉक्टरसाहेबांचा चेहरा उतरला होता.

"तो मी बसवला," ते म्हणाले. "धुक्यात पैलवानाला नकाशा दिसावा म्हणून. चांगला घट्ट आवळला, हलू नये म्हणून." ते गाडीवरून उतरले. धाकटीसमोर येऊन उभे राहिले, सगळ्यांदेखत. "मी तुला चोर ठरवलं. चूक माझ्या हातची होती. मला माफ कर."

धाकटीने खिशात हात घातला. तिने पाना पुढे केला. "क्लॅम्प तुम्हीच काढा, साहेब. कुठे बसवायचा ते मी दाखवते."

७

पत्र गेलं नाही. थोरल्याने स्वतः जाऊन डॉक्टरसाहेबांना सगळं सांगितलं. त्यांनी त्याला महिनाभर केंद्राची मोडकी कुंपणं जोडायची शिक्षा दिली, आणि त्याने ती आनंदाने भोगली. पैलवानाच्या पायांवर स्वतः डॉक्टरांनी पट्ट्या बांधल्या. भावंडांचं बोलणं मात्र चार दिवस फक्त "पाना दे", "चहा घे" एवढ्यावरच होतं. पाचव्या दिवशी थोरल्याने विचारलं, "मला इंजिन शिकवशील का?" ती म्हणाली, "हात धुऊन ये." त्यावरून मी समजले, मिटलं.

पुढच्या सोमवारी वरच्या वस्तीच्या फेरीला पैलवानाच्या मागे धाकटी बसून गेली. भरलेल्या टाकीने खेकडा पूर्ण चढ कसा चढतो ते तिला स्वतःच्या कानांनी ऐकायचं होतं. दुपारी तिचा फोन आला तेव्हा इतके दिवस माझ्याकडे मुक्काम केलेल्या बाई माझ्या शेजारी, परतीच्या गाडीची वाट बघत बसल्या होत्या. मी स्पीकर लावला आणि फोन त्यांच्या उजव्या कानाशी धरला.

"बाई, कुठेही न थांबता पोचलो! ती मेंढपाळाची सून भेटली, उठून फिरतेय." मागे माणसांचा गलका ऐकू येत होता. "पण मला आज खाली यायला उशीर होईल. इंजिनवाली आलीय म्हणून इथे बातमी पसरली. बायकांनी पाण्याचे पंप आणलेत, एकीने पिठाच्या गिरणीचं इंजिन बैलगाडीत घालून आणलंय. बाई, नर्सच्या दवाखान्यापुढे रांग लागलीय... आणि उभी आहेत ती सगळी मशिनं!"

बाईंनी तिकीट पर्समध्ये परत ठेवलं.

"काकू," त्या म्हणाल्या, "खेकड्याची दुसरी फेरी किती वाजता निघते?"